श्रद्धा देव्हाऱ्यात ठेवून भागेल का? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

न्यूयॉर्कचे कॅथलिक गव्हर्नर राहिलेल्या मारिओ क्युओमोंवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "कॅथलिक नेत्याने चर्चचं ऐकलं तर लोकशाहीचा घात, नाही ऐकलं तर ढोंग. धर्म घरातच बरा." यातलं ढोंगाचं मला पटलं. धर्म घरात ठेवण्याचं मात्र नाही.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप जोसेफ रमेल १९५६ पासून सांगत होते की वंशभेद पाप आहे. सांगण्यातच सहा वर्षं गेली, तीही फारच झाली. १९६२ मध्ये त्यांनी कॅथलिक शाळा काळ्या मुलांना खुल्या केल्या आणि आडवे आलेल्या तिघांना धर्मबहिष्कृत केलं. त्यांत लिअँडर पेरेझ हा तिथला बडा राजकारणी होता. धर्म घरातच ठेवायचा, तर रमेल यांनीही गप्प बसायला हवं होतं. तुम्ही तसं म्हणाल असं मला वाटत नाही.

आता क्युओमो. सप्टेंबर १९८४ मध्ये नोत्र दाम विद्यापीठात ते म्हणाले की गर्भपाताबद्दल चर्चची शिकवण मला मान्य आहे, पण कायदा करायला समाजाचं एकमत लागतं. पण हेच क्युओमो न्यूयॉर्कचे गव्हर्नर असताना बारा वर्षं देहदंडाचं विधेयक नाकारत राहिले, लोकमत विरोधात असूनही! तिथे त्यांनी एकमताची वाट पाहिली नाही. निरपराध माणूस मारला जाईल, हे कारण त्यांनी दिलं, जे नास्तिकालाही तोलून पाहता येतं. श्रद्धेने राजकारणात असंच बोलावं, आणि सगळ्या प्रश्नांवर एकाच मापाने. मूळ लेखात मी त्यांची ही दोन मापं झाकून नेली होती. ती माझी चूक.

शिकागोचे आर्चबिशप, कार्डिनल बर्नार्डिन यांनी १९८३ मध्ये फोर्डम विद्यापीठात गर्भपात, देहदंड आणि अणुयुद्ध एकाच सूत्रात मांडलं. येशूच्या बिनशिवण, अखंड झग्यासारखं: जीव वाचवायचा तर सगळीकडेच. डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन, दोन्ही पक्षांना ते अडचणीचं होतं, आजही आहे.

गेल्या निवडणुकीच्या आधीच्या रविवारी, इथे न्यू जर्सीत, मिस्सा (चर्चमधली रविवारची उपासना) संपवून बाहेर आलो तर गाडीच्या वायपरखाली दोन पत्रकं. एकात फक्त न जन्मलेलं बाळ, दुसऱ्यात फक्त सीमेवरची निर्वासित मुलं. वसईहून आलेल्या आईने दोन्ही चित्रं शेजारी धरली आणि विचारलं, "हे वेगवेगळे कागद का रे?" मला उत्तर देता आलं नाही.

देहदंडाचा मुद्दा मी आज मूळ लेखात जोडला आहे. तो वाचून पुन्हा लिहा.