रिकोर: समीक्षक खरं बोलले, आणि तरीही मला हा गेम प्रिय आहे

‘रिकोर’ या व्हिडिओ गेमला कमी गुण देऊन समीक्षकांनी अन्याय केला, असं म्हणणारे चाहते मला गेमिंगच्या गप्पांत हमखास भेटतात. मीही या गेमची चाहती आहे, पण माझं मत अगदी उलट आहे. समीक्षकांनी जे लिहिलं ते खरं होतं. राग काढायचाच असेल तर ज्यांनी हा गेम अर्धवट अवस्थेत बाजारात आणला त्यांच्यावर काढावा.

गेम आला सप्टेंबर २०१६ मध्ये, एक्सबॉक्स वन आणि विंडोज १० वर. प्रकाशक मायक्रोसॉफ्ट. बनवणारे स्टुडिओ दोन. एक जपानचा कॉमसेप्ट, म्हणजे केजी इनाफुने यांचा. कॅपकॉम या जपानी कंपनीत मेगा मॅन या गाजलेल्या गेममालिकेवर वर्षानुवर्षं काम केलेला माणूस. दुसरा टेक्सासमधल्या ऑस्टिनचा आर्मेचर, जो मेट्रॉइड प्राइम या गेमवर काम केलेल्या मंडळींनीच सुरू केला होता. त्यात लेखनाच्या बाजूला हेलो या गेममालिकेमुळे परिचित असलेले जोसेफ स्टेटन. एवढी नावं एकत्र आल्यावर अपेक्षा वाढणार नाहीत तर काय?

शिवाय २०१५ च्या ई-थ्री या गेमिंग प्रदर्शनातला तो ट्रेलर. वाळवंटात एक मुलगी आणि तिचा यंत्रकुत्रा. कोळ्यासारखे रोबो अंगावर येतात, कुत्रा तिला वाचवण्यासाठी स्वतःचा स्फोट करून घेतो. मग ती त्याचा चमकणारा गाभा उचलते आणि दुसऱ्या, भल्यामोठ्या रोबोच्या छातीत बसवते. शरीर बदललं तरी जीव तोच, हे शब्दांत न समजावता सांगितलेलं. रोबोंच्या गोष्टीत इतकी माया मी क्वचित पाहिली आहे.

प्रत्यक्ष गेममध्ये त्या मुलीचं नाव जूल अ‍ॅडम्स. पृथ्वी एका साथीने राहण्याजोगी उरलेली नाही, माणसं ‘फार ईडन’ नावाच्या ग्रहावर वस्ती करायला निघालीत. माणसं शीतनिद्रेत असताना ग्रह राहण्याजोगा करायचं काम रोबोंकडे दिलेलं, आणि त्यातले बरेच आता माणसांवरच उलटलेत. जूलसोबत मॅक हा कुत्रा असतोच. पुढे भिंतीवरच्या रुळांना धरून वर नेणारा कोळी सेथ आणि खडक फोडणारा वानर डंकन भेटतात.

सगळ्यात आधी जूलच्या चालण्या-उडण्याबद्दल बोलायला हवं, कारण या गेमचा प्राण तिथे आहे. एक उडी, हवेतच दुसरी उडी, मग एक झपकन पुढे जाणारा झोत. बस, एवढंच. पण या तीन गोष्टी इतक्या नेमक्या जुळवल्यात की दरीच्या पलीकडचा कडा दिसला की बोटं आपोआप हिशेब करू लागतात. चुकलात तर चूक आपली असते, कॅमेऱ्याची किंवा बटणाची नाही. वाळवंटाखालच्या गुहांमध्ये घड्याळ लावून दिलेले अडथळे आहेत, ठरलेल्या वेळेत शेवट गाठला तर जास्तीचं बक्षीस. मी त्यातल्या काही गुहा बक्षीस मिळाल्यावरही पुन्हापुन्हा खेळले, केवळ उडी मारण्याच्या आनंदासाठी.

लढाईही विचार करून रचलेली. शत्रूचा जो रंग, त्या रंगाची गोळी लावायची. लाल, निळा, पिवळा असा बंदुकीचा रंग धावता धावता बदलत राहायचा. शत्रू पुरेसा खिळखिळा झाला की दोरी फेकून त्याचा गाभा ओढून काढायचा. ही रस्सीखेच फार सुंदर आहे. जोरात ओढलं तर दोर तुटतो, कधी ढील द्यायची हे हाताला कळावं लागतं. आणि दरवेळी निवड करायची: गाभा ओढून घेतला तर तो आपल्या सोबत्यांना बळ देतो, शत्रूला गोळ्यांनीच संपवलं तर त्याचे सुटे भाग मिळतात.

हे सगळं असूनही समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर गेम शंभरपैकी साठीच्या घरात अडकला, आणि त्याची कारणं गेममध्येच आहेत.

एक्सबॉक्स वनवर सुरुवातीच्या दिवसांत लोडिंग असह्य होतं. मेलं की थांबा, गुहेत शिरलं की थांबा, बाहेर आलं की थांबा. ज्या गेमची सगळी मजा ‘पडलो, पुन्हा करून बघू’ या लयीवर उभी आहे, त्यात प्रत्येक पडण्यानंतर एवढा खोळंबा म्हणजे गेमने स्वतःचाच गळा आवळणं. नंतर अपडेट आलं, वेळ कमी झाला. पण समीक्षकाच्या हातात जो गेम होता त्यावरच त्याने लिहायचं असतं. पैसे मोजणाऱ्याच्या हातातही तोच येणार होता.

मला खरा संताप येतो तो शेवटच्या भागाचा. कथा ऐन रंगात आलेली, कथेचा शेवट जिथे होतो तो मनोरा समोर दिसतोय, आणि गेम म्हणतो, अजून प्रिझमॅटिक कोअर, म्हणजे जागोजागी दडवलेले खास गाभे, आणा. एक मजला चढलात की पुढच्यासाठी आणखी आणा. म्हणजे पुन्हा त्याच वाळवंटात, राहिलेल्या गुहा शोधत फिरा. लांबी वाढवण्यासाठी घातलेलं हे पाणी आहे आणि ते लपत नाही. ४० डॉलरचा गेम होता, त्या काळातल्या मोठ्या गेमपेक्षा स्वस्त. आटोपशीर असता तर कुणी तक्रार केली नसती. नोकरी आणि घर सांभाळून रात्री तासभर खेळणाऱ्या माणसाच्या वेळेला किंमत असते. ज्याने तुमच्या गेमवर इतका जीव लावला की तो मनोऱ्यापर्यंत आला, त्यालाच तुम्ही असं परत पाठवता?

आणि ट्रेलरमधली ती माया? एका सोबत्याचा गाभा दुसऱ्या शरीरात बसवता येतो, पण त्यातून मनाला काही होत नाही. आकडे बदलतात, क्षमता बदलतात. मॅक वेगळ्या शरीरात गेलाय हे जूलला जाणवतं आहे, असा एखादा तरी ठसठशीत प्रसंग हवा होता. माझ्या मते या गेमने गमावलेली सर्वांत मौल्यवान गोष्ट हीच, आणि ती कुठल्याही अपडेटने परत येणार नव्हती.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे गेमची वाढवलेली आवृत्ती, आली. टँकसारखा नवा सोबती, नवा प्रदेश, कथेचा नवा तुकडा, आणि ज्यांनी आधी गेम घेतला होता त्यांना हे सगळं फुकट. मायक्रोसॉफ्टने हे चांगलं केलं, ते मनापासून सांगते. पण तोवर बहुतेकांचं मत बनून गेलं होतं.

समीक्षकांच्या बाबतीत माझी तक्रार एकच, आणि ती त्यांच्यापेक्षा आपल्या वाचण्याच्या सवयीबद्दल आहे. सरासरी आकडा पाहून ‘ठीकठाक गेम असेल’ असं आपण समजतो. रिकोर एक क्षणही ठीकठाक नाही. त्यातल्या उड्या अव्वल आहेत आणि त्याचा शेवट वाईट आहे. दोन्हींची सरासरी काढली की जो गेम उरतो तो कुणीच बनवलेला नाही. तेव्हाचे रिव्ह्यू आज नीट वाचलेत तर हे दोन्ही त्यांत लिहिलेलं सापडेल. आपण फक्त शेवटचा आकडा बघून खिडकी बंद केली.

आता खेळायचा असेल तर डेफिनिटिव्ह एडिशनच घ्या. वाटेत दिसेल ती गुहा त्याच वेळी उरकत चला, प्रिझमॅटिक कोअर मागे सोडू नका, म्हणजे मनोऱ्याशी पोचल्यावर उलट फिरावं लागणार नाही. आणि मॅक वाळूत काही हुंगायला लागला की थांबून त्याला उकरू द्या.