आईला विचारलं, भाजी किती रुपयांची आली?

परवा आईला विचारलं, गेल्या तीस दिवसांत भाजीला किती पैसे गेले? "असतील आठशे." मग विचारलं, गेल्या सात दिवसांत? ती बोटं मोजायला लागली. मेथीच्या दोन जुड्या, बाजारातून कांदे-बटाटे, दारावर घेतलेली गवार, पाहुणे आले म्हणून फ्लॉवर... बेरीज साडेतीनशेवर गेली. म्हणजे महिन्याचे पंधराशे.

देशाची गरिबी याच प्रश्नांवर मोजली जाते. 1999-2000 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत, म्हणजे घरोघरी खर्च विचारणाऱ्या सरकारी पाहणीत, खाण्याच्या खर्चासाठी सात आणि तीस दिवसांचे रकाने शेजारी शेजारी होते. एका उत्तराची सावली दुसऱ्यावर पडली. त्यातून आलेला 26 टक्के गरिबीचा आकडा 1993-94 च्या 36 टक्क्यांशी ताडावा कसा, यावर अर्थतज्ज्ञ कित्येक वर्षं भांडले.

दारिद्र्यरेषेचंही तेच. पुण्यात अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये माणशी रोज 2250 उष्मांक (कॅलरी) हा पाया धरला होता. पुढे समित्या आल्या, रेषा सरकली. 2011-12 या एकाच वर्षासाठी तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं 21.9 टक्के लोक गरीब, रंगराजन समितीच्या हिशेबानं 29.5. सत्तावीस कोटी की छत्तीस कोटी? मधली नऊ कोटी माणसं कुठल्या रकान्यात टाकायची, ते रेषा कुठे ओढली यावर ठरलं!

त्यानंतर 2017-18 च्या पाहणीचे निकाल सरकारनं जाहीरच केले नाहीत. 2022-23 ची पाहणी आली ती नव्या पद्धतीनं, एकेका घरी तीनदा जाऊन. पद्धत चांगलीच आहे, माझ्या आईच्या बोटांवरून पटतं. गरिबी कमी झाली, हेही मला मान्य आहे. पण जास्त नीट विचारलं की खर्च जास्त निघतो. त्यातली खरी वाढ किती आणि प्रश्नाची करामत किती, हे कळायला काही घरांत जुनी प्रश्नावली सोबत चालवायला हवी होती. आणि रंगराजन समितीचा अहवाल 2014 चा. आजवर नवी अधिकृत रेषा नाही. ती ठरवा, आणि मग दहा-पंधरा वर्षं तिला हात लावू नका.

हा निव्वळ अभ्यासकांचा वाद नाही. आमच्या शेजारच्या काकूंच्या सुनेचं नाव रेशनकार्डावर चढत नाही. तीन हेलपाटे झाले, उत्तर एकच, "इष्टांक शिल्लक नाही," म्हणजे ठरलेला कोटा संपला. अन्नसुरक्षा कायद्यात कुठल्या राज्याला किती माणसं, हे ठरलं 2011-12 च्याच पाहणीवरून. काकूंची सून तेव्हा सहावीत होती.