दोन साहेबांच्या भांडणात कणसं कशी भाजावीत

चार जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, अमेरिकन शेजाऱ्याच्या परसात बार्बेक्यूचं आमंत्रण आलं, तर जरूर जा. शाकाहारी असाल तर कणसं, लिंबू आणि तिखटमीठ घरून न्या. जाळीचा एक कोपरा आपल्याला मिळतोच. फक्त आधी एक चौकशी करून ठेवा. शेजाऱ्याच्या मुलीनं इंग्रज नवरा तर केला नाही ना? मी ही चौकशी केली नव्हती.

सासरा-जावई म्हटलं की आपल्याला धोंड्याचं जेवण, चांदीचं निरांजन असलं काही आठवतं. इथं जावई फाटकातूनच ओरडत आला, "देशद्रोह दिनाच्या शुभेच्छा!" सासऱ्यानं चिमटा उगारला, "आम्ही नसतो तर आज तू जर्मन बोलत असतास." जावई म्हणाला, "तुम्ही आलात कधी? १९३९ चा खेळ, तुम्ही उगवलात १९४१ च्या डिसेंबरात." अशा वेळी हसायचं. दोघांच्या विनोदाला अगदी सारखं हसायचं. एकाला कमी हसलात तर तुम्ही त्याच्या शत्रुराष्ट्राचे.

फ्रान्सचं नाव काढू नका. फ्रेंच म्हणजे पांढरं निशाण, एवढ्या एकाच मुद्द्यावर या दोघांचं एकमत आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, यॉर्कटाउनला १७८१ साली इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसची समुद्राकडची वाट फ्रेंच आरमारानं अडवली होती आणि जमिनीवर वॉशिंग्टनच्या शेजारी रोशांबोचे हजारो फ्रेंच शिपाई उभे होते, हे सांगितलंत तर दोघंही एकदम गप्प होतात आणि कोलस्लॉचं भांडं तुमच्यापर्यंत पोचत नाही.

१८१२ चं इंग्रज-अमेरिकन युद्ध कोण जिंकलं, हे तर चुकूनही विचारू नका. मी विचारलं. जावयाच्या मते १८१४ साली त्यांनी व्हाइट हाउस जाळलं, तेही तिथं मांडून ठेवलेलं जेवण आधी जेवून, म्हणजे तेच जिंकले. सासऱ्याच्या मते न्यू ऑर्लिन्सला इंग्रजांची धूळधाण उडाली, म्हणजे हे जिंकले. ती लढाई जानेवारी १८१५ ची. युद्ध संपवणाऱ्या गेंटच्या तहावर सह्या आधीच्या २४ डिसेंबरलाच झाल्या होत्या, बातमी तेवढी जहाजात होती. त्याच युद्धात अमेरिकेला राष्ट्रगीताचे शब्द मिळाले, चाल मात्र लंडनच्या एका क्लबातल्या गाण्याची. हे बोललो, तर सासऱ्यानं हातातला बन खाली ठेवला.

विषय बदलायचाच असेल तर डुकराचा काढा. १८५९ साली दोन्ही देश हक्क सांगत असलेल्या सॅन वॉन बेटावर एका अमेरिकनाच्या बटाट्यात इंग्रजी कंपनीचं डुक्कर शिरलं, त्यानं ते गोळी घालून मारलं आणि दोन्ही देशांचं सैन्य समोरासमोर आलं. बारा वर्षं तळ ठोकून बसले. बळी फक्त डुकराचा. बेट कोणाचं, याचा निवाडा कोणी दिला? १८७२ साली जर्मन सम्राटानं! जाळीवर सॉसेज असताना हा किस्सा फार छान रंगतो.

कर्जाचं बोलू नका. ब्रिटननं १९४६ च्या अमेरिकन कर्जाचा शेवटचा हप्ता २००६ च्या डिसेंबरात भरला. ज्यांच्या घराचे हप्ते चालू आहेत त्यांना उगाच गहिवरून येतं.

आणि आपला माणूस भेटला तर लांब राहा. आमच्याकडे एक सद्गृहस्थ होते, मूळचे नारायण पेठेतले, गेल्याच वर्षी नागरिकत्व मिळालेले. जावयाला म्हणाले, "१७७६ साली आम्ही तुम्हाला हाकललं!" आम्ही? अहो, १७७६ साली आपले आम्ही पुरंदरचा तह करत होतो. इंग्रजांशीच.

आता मुख्य सल्ला. यांचं भांडण मिटेनासं झालं की कोणीतरी तुमच्याकडे बाटली रोखून म्हणेल, "तू सांग, तू न्यूट्रल आहेस." तेव्हा शांत राहा. हो, आम्ही न्यूट्रल. अगदी न्यूट्रल. इतके की यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस, आजारी आहे म्हणून स्वतः शरण यायलाही न आलेला, पाच वर्षांनी आमच्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून बढतीवर आला. (टिपूविरुद्ध मराठेच त्याच्या बाजूनं लढले, हे मी तिथं बोललो नाही. घरातलं आहे.) इतके न्यूट्रल की १९१६ साली इराकमधल्या कुतला इंग्रजांसाठी उपासमार काढून तुर्कांच्या कैदेत गेली ती सहावी पुणे डिव्हिजन. पुणे! यॉर्कशायर नव्हे, ओहायो नव्हे. दुसऱ्या महायुद्धात भारताच्या सैन्यात पंचवीस लाखांवर माणसं होती, आणि त्याच काळात बंगालात लाखो लोक भुकेनं मेले. न्यूट्रल म्हणे! माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे, वय बावीस, १० जुलै १९४४, इटलीतलं टायबरचं खोरं. सोबतचे सगळे पडल्यावर हा मुलगा एकटा मशीनगनवर धावून गेला, गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्यानं लढला आणि तिथंच गेला. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. विचारा ना त्या जावयाला हे नाव. त्याच्याच राजानं दिलेलं पदक आहे! त्याला १९४४ साली दोस्तांचं सैन्य उतरलं ते नॉर्मंडीचे पाचही किनारे पाठ. त्यातले दोन अमेरिकेचे, दोन ब्रिटनचे, एक कॅनडाचा, यावर तर अर्धा तास खाल्ला दोघांनी. आणि पूर्वेकडे सोव्हिएत संघाची अडीच कोटींहून जास्त माणसं मेली, तो बहुतेक शेजारच्या परसातला कार्यक्रम असावा.

पुरे झाला सल्ला. अरे, तुम्ही दोघं कुठं लढलात? एकाचे गुडघे गेलेत, दुसऱ्याला पाठीच्या दुखण्यामुळे फोल्डिंग खुर्ची लागते. पणज्यानं मारलेल्या बढाया नव्हत्या त्या, पणजा मेला होता तिथं. तुमचाही आणि आमचाही. त्याच्या जिवावर दोन तास टाळ्या घेता, आणि ज्याच्या गावची माणसं तुमच्या दोघांच्या युद्धात गेली त्याला पंच म्हणून उभं करता? तोही हातात चिमटा देऊन? लाज वाटत नसेल तर निदान जाळीकडे तरी बघा. सहाच्या सहा कणसं कोळसा झालीत.