संकेश्वर ते मुंबई, व्हाया बेळगाव

फोनवर मुलगा म्हणाला, "बाबा, बेळगाव-मुंबई हवाई अंतर ४०० किलोमीटर. तासाभराचं काम. रात्रभर बसमध्ये हाडं कशाला खिळखिळी करून घेता?"

मी २८ वर्षं भूगोल शिकवलाय. नकाशा पसरला, पट्टी ठेवली. चारशे बरोबर होते, खरं (आमच्या भागात 'खरं' म्हणजे 'पण', पुणेकरांनी नोंद घ्यावी) पट्टीची कड आमच्या संकेश्वरच्या पश्चिमेला आठ-दहा किलोमीटरवरूनच वर गेली होती. म्हणजे मुंबई उत्तरेला, आणि आपण आधी ५० किलोमीटर दक्षिणेला जायचं, बेळगाव ओलांडून सांबरा गाठायचं, मग विमानात बसून आपल्याच गावाशेजारून परत यायचं!

हत्तरगीच्या टोलनाक्यापर्यंत गाडीवाला गप्प होता. मग त्याला राहवेना. "गुरुजी, मुंबै मागं राहिली की ओ."

सांब्र्याचा विमानतळ १९४२ चा, ब्रिटिशांच्या हवाई दलाने बांधलेला. त्या काळी लढाईवर निघालेल्यांचीसुद्धा एवढी झडती झाली नसेल, जेवढी आमच्या हिच्या पिशवीची झाली. तळाशी किलोभर तिखट निघालं.

"माताजी, मिर्ची पावडर हँडबॅग में नहीं चलेगा."

"साधं तिखट न्हवं ओ हे, संकेश्वरी आहे," हिने समजावलं. त्यांचा संशय आणखी बळावला. शेवटी ती पुडी घेऊन मी काउंटरकडे पळालो, मोठी बॅग परत मागवली आणि दहा लोकांसमोर आमच्या धोतरांच्या घड्यांत ती कोंबली. घड्या तेव्हापासून लालसर आहेत.

आता हिशेब बघा. विमान तासाला ५०० किलोमीटर धरलं तरी ४०० ला ४८ मिनिटं. तिकिटावर मात्र सव्वा तास छापलेला. वरची मिनिटं कशाची, हे मला पुढे कळायचं होतं.

सकाळी ८ ला घर सोडलेलं. सव्वाबाराला विमानाने जमीन सोडली. दहाव्या मिनिटाला उजवीकडे खाली पाण्याची बारीक रेघ चकाकली. हिने काचेला नाक लावलं. "अगं बाई, हिरण्यकेशी! अहो, गच्चीवर मिरच्या वाळत टाकल्यात. राखायला कोण बसलंय का बघा की."

चार तास पंचवीस मिनिटं प्रवास करून आम्ही घरापासून नऊ किलोमीटरवर पोचलो होतो. उंची वेगळी.

मुंबईवर आलो आणि वैमानिकाने गर्दी असल्याचं सांगितलं. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरच काम चालतं. बाकीच्यांनी वर घिरट्या घालायच्या. विमान कललं. डाव्या खिडकीतलं ऊन उजव्या खिडकीत आलं. हिने माझं मनगट आवळलं.

"अहो, ह्यो परत बेळगावला न्यायलाय काय?"

मी भूगोलाचा मास्तर. खरं तिसऱ्या फेरीला मलाही छातीठोक सांगता येईना.