बोलताना मास्क खाली ओढणाऱ्यांना

आज 25 मार्च 2021. कोरोनाची टाळेबंदी लागू झाली त्याला वर्ष झाले. सप्टेंबरमधले सतरा दिवस सोडले, तर या वर्षभरात पुण्यातल्या पेठेतले माझे औषधांचे दुकान एकदाही बंद राहिलेले नाही, आणि काउंटरमागे उभे राहून माणसांची जी वागणूक मी पाहिली तिच्याबद्दलचा इतके दिवस गिळून ठेवलेला संताप आज लिहून काढल्यावाचून मला झोप लागणार नाही.

काल सकाळचीच गोष्ट. साठीच्या घरातले एक गृहस्थ आले. चांगले ओळखीचे, पंधरा वर्षे रक्तदाबाच्या गोळ्या माझ्याकडून नेणारे. मोकळ्या रस्त्यावरून एकटे चालत येताना त्यांचा मास्क नाकापर्यंत अगदी नीट होता. दुकानाची पायरी चढल्यावर त्यांनी मी बांधलेली दोरी पोटाने पुढे लोटली, प्लॅस्टिकच्या पडद्याच्या कडेने मान आत घातली आणि तोंड उघडायच्या आधी दोन बोटांनी मास्क हनुवटीखाली ओढला. मी म्हटले, “काका, मास्क वर घ्या.” तर म्हणाले, “अरे, बोलतोय ना मी!” मग पाकिटातून नोटा काढल्या, अंगठा जिभेला लावला, तीन नोटा मोजल्या आणि त्या ओलसर नोटा माझ्या हातावर ठेवल्या. त्यांच्या मागे सात-आठ महिन्यांची गरोदर बाई रांगेत उभी होती.

“बोलतोय ना मी” हे वाक्य मी वर्षभर रोज ऐकतो आहे. बोलताना, खोकताना, शिंकताना तोंडातून थेंब उडतात, ते समोरच्याच्या नाकातोंडात जाऊ नयेत एवढ्यासाठी ते कापड तोंडावर घ्यायचे असते, आणि आमची माणसे नेमके बोलायचे, खोकायचे, शिंकायचे असले की तेच कापड बाजूला करतात. याला अज्ञान म्हणायला मी तयार नाही. गेले वर्षभर कुणालाही फोन लावला की घंटी वाजण्याआधी सूचना ऐकू आली आहे, वर्तमानपत्रांनी चित्रे काढून दाखवले आहे, “माझे कुटुंब, माझी जबाबदारी” म्हणत आशाताई तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या आहेत. इतके होऊनही ज्याला कळलेले नाही, त्याला ते कळून घ्यायचेच नाही.

मग ही माणसे मास्क बाळगतात तरी कशाला? दंडासाठी. माझ्या दुकानापासून थोड्या अंतरावर चौक आहे आणि तिथे कधीकधी पावतीपुस्तक घेऊन पथक उभे असते. विनामास्क दिसले की 500 रुपये. दुचाकीवरची मुले चौक जवळ आला की गळ्यातला मास्क वर घेतात आणि चौक मागे पडला की पुन्हा खाली सोडतात. मोटारीतून येणाऱ्यांचा मास्क आरशाला लटकलेला असतो. मास्कचा आजाराशी काही संबंध आहे हे यांच्या गावीही नसते; तो पोलिसांना दाखवायचा परवाना आहे, एवढेच त्यांना ठाऊक. पैशाची सबब तर कुणी सांगूच नये. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने मास्कच्या किमतींवर मर्यादा घातल्यापासून दोन-तीन पदरी मास्क तीन-चार रुपयांना मिळतो. माझ्या दुकानासमोर पेरूची हातगाडी लावणारा माणूस दिवसभर उन्हात नाकावर मास्क ठेवून उभा असतो. टाळेबंदीत त्याचा तीन महिन्यांचा धंदा बुडाला, खोलीचे भाडे थकले, तरी त्याने गिऱ्हाइकाशी बोलताना मास्क खाली केलेला मी एकदाही पाहिलेला नाही. माझा राग त्याच्यासारख्यांवर नाही. ज्यांना घरी बसून पगार मिळाला, ज्यांच्या घरात चारचार सॅनिटायझरच्या बाटल्या आहेत आणि जे मला “आता कुठे राहिलाय कोरोना?” असे विचारतात, त्यांच्यावर आहे.

“मला काही होत नाही” हे त्यांचे दुसरे वाक्य. यातला “मला” हाच शब्द माझ्या डोक्यात जातो. तुम्हाला काही होईल म्हणून मी सांगत नाही. लक्षणे दिसायच्या दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो, तुम्हाला धडधाकट वाटत असतानाच तो तुमच्याकडून दुसऱ्याच्या घरी गेलेला असतो.

तो कुणाच्या घरी जातो हे मी पाहिले आहे. माझ्याकडे काम करणारा मुलगा चोवीस वर्षांचा, दुकानात कधी मास्क खाली न करणारा. ऑगस्टच्या शेवटी त्याला ताप आला, त्याच्या मागोमाग मला. आम्ही दोघे बरे झालो, दुकान सतरा दिवसांनी उघडले. त्याच्या वडिलांचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होते. सप्टेंबरमध्ये पुण्यात ऑक्सिजनची खाट मिळवण्यासाठी लोक रात्र रात्र फोन करत होते, त्यात आम्हीही होतो. खाट मिळाली तेव्हा त्यांचा ऑक्सिजन ऐंशीच्या खाली उतरला होता. तिसऱ्या दिवशी ते गेले. मुलाला त्यांचा चेहरा पाहता आला नाही. तो आजही मधेच औषधाची पट्टी हातात धरून थांबतो आणि विचारतो, “दादा, माझ्यामुळेच गेले का हो?” तुझ्यामुळे नाही रे. या काउंटरवर मान आत घालून बोलणाऱ्या कुणामुळे तरी गेले. तो माणूस कोण, ते आम्हाला कधीही कळणार नाही, आणि त्यालाही कधी कळणार नाही. तो बहुधा अजूनही मास्क खाली ओढूनच बोलत असेल.

कळू नये अशी व्यवस्थाही लोकांनीच केली. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये ताप-खोकल्याची औषधे नेणाऱ्यांची नावे, पत्ते आणि फोन नंबर नोंदवून ठेवायला आम्हाला सांगण्यात आले. मी शंभर पानी वही केली. त्या वहीत नऊ आकड्यांचे नंबर आहेत. एकच नंबर तीन वेगवेगळ्या नावांपुढे आहे. एका गृहस्थांनी “बायकोसाठी हवंय” म्हणून पॅरासिटामॉल आणि खोकल्याचे औषध घेतले, लिहून देताना स्वतः दोनदा खोकले. त्यांच्या नंबरवर फोन केला तर तो तिसऱ्याच जिल्ह्यात लागला. दडवण्यामागची भीती मी समजू शकतो. गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकले जात होते, आजाऱ्याच्या घराकडे लोक बोट दाखवत होते, दवाखान्यात राबणाऱ्या परिचारिकांना घरमालक खोली सोडायला सांगत होते. 22 मार्चला संध्याकाळी पाच वाजता ज्यांनी गॅलरीत उभे राहून थाळ्या वाजवल्या, त्यांतल्याच काहींनी महिन्याभरात हे केले. आजार झालेल्याला वाळीत टाकायचे, म्हणून त्याने आजार लपवायचा, म्हणून तो आणखी चार घरांत जायचा. या साखळीत विषाणूचा वाटा कमी आणि आपला जास्त आहे.

एका शिकल्यासवरल्या माणसाने तर मला इतिहास ऐकवला. म्हणाले, पुण्याने प्लेगच्या वेळीही सरकारी जाच सहन केला नाही. हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 1897 मध्ये प्लेग अधिकारी रँडच्या हुकमाने गोरे शिपाई बुटांसकट स्वयंपाकघरात आणि देवघरात घुसत होते, बायकांची उघड्यावर तपासणी होत होती, घरातले सामान बाहेर काढून जाळले जात होते. तो संताप खरा होता, त्याची तुलना तुमच्या नाकावरच्या चार रुपयांच्या कापडाशी करताना लाज वाटायला हवी. त्याच प्लेगमध्ये टिळक पुणे सोडून गेले नाहीत, त्यांनी इथे राहून प्लेगचे रुग्णालय चालवले. त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन हडपसरला आपले दत्तक पुत्र डॉक्टर यशवंतराव यांच्या दवाखान्यात गेल्या, त्यातून त्यांना प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. यंदाच्या 10 मार्चला माझ्या फोनवर सावित्रीबाईंना अभिवादन करणारी पंधरा-वीस चित्रे आली. ती पाठवणाऱ्यांपैकी निदान तिघे त्याच दिवशी माझ्या काउंटरवर उघड्या तोंडाने उभे होते. एक बाई दुसऱ्याचे मूल वाचवायला आपला जीव देते, आणि तिच्याच गावात, तिचे नाव घेणारा माणूस दुसऱ्याच्या जिवासाठी दोन मिनिटे नाक झाकून बोलू शकत नाही.

जानेवारीपासून तर सगळ्यांनीच गृहीत धरले की आजार संपला. लग्नाला माणसांची मर्यादा असताना तीनशे पत्रिका वाटल्या गेल्या. फेब्रुवारीत अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली तेव्हा इथले लोक “ते तिकडे विदर्भात” म्हणून मोकळे झाले. आता रोज पुण्याचे आकडे चढताहेत आणि तीच माणसे मला विचारतात की सरकार काय करते आहे.

लशीचेही तेच. आपल्या वेशीवर, मांजरीत तयार होणारी लस साठीच्या पुढच्यांना 1 मार्चपासून मिळते आहे, पुढच्या आठवड्यापासून 45 वर्षांपुढच्या सर्वांना मिळणार आहे. शेजारच्या वाड्यातल्या आजींना जायचे आहे, पण मुलगा फोनवरचा कुठला तरी संदेश दाखवून त्यांना थांबवतो आहे. दम्याचा पंप त्या माझ्याकडूनच नेतात. मी त्याला दोनदा समजावले, तिसऱ्यांदा आवाज चढवला, तर त्याने औषधे दुसरीकडून न्यायला सुरुवात केली. आणि ज्यांनी लस घेतली, त्यांतल्या काहींनी दुसऱ्याच दिवशी मास्क काढून टाकला. एका डोसने लगेच संरक्षण मिळत नाही, दुसरा डोस घ्यावा लागतो, त्यानंतरही काही दिवस जावे लागतात, हे मी प्रत्येकाला सांगतो. ते मान हलवतात आणि पायरी उतरताना खोकतात.

मला दुकान बंद करता येत नाही. इन्सुलिन लागणारी, झटक्याच्या गोळ्या लागणारी माणसे रोज येतात, त्यांना मी दार लावून घेतले असे सांगू शकत नाही. तुम्ही जे हवेत सोडता, ते आम्ही बारा तास घेतो आणि रात्री घरी नेतो. माझी आई एक्याऐंशी वर्षांची आहे. वर्ष झाले, तिचे जेवण मी उंबऱ्याबाहेर ताट ठेवून देतो आणि तिच्याशी दारातून बोलतो. तिला कमी ऐकू येते, तरी मी मास्क खाली करत नाही, मोठ्याने बोलतो. तेव्हा उद्या दुकानात याल तेव्हा तुम्हीही तेवढेच करा. मास्क असू द्या आणि बोला. मला ऐकू येते.