‘सगळे स्टेजवरच ठरते’ : आतड्याच्या कर्करोगाविषयीच्या एका संदेशाला उत्तर

पुण्यातील सोसायट्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या आतड्याच्या कर्करोगाविषयी एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : रुग्ण किती जगणार हे स्टेजवर ठरलेले असते, रुग्णालय कोणतेही घ्या, ऑपरेशन तेच, फरक फक्त बिलात, गाठ काढली की काम झाले, पुढचे केमो म्हणजे धंदा, आणि शेवट ठरलेलाच असल्यामुळे गरिबाने या आजारापायी कर्ज काढू नये. मी पुण्यात बरीच वर्षे रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून, म्हणजे रुग्णांना योजना आणि मदत मिळवून देण्याचे, काम केले आहे. ऑपरेशनची तारीख मिळालेल्या माणसाने हा संदेश वाचून तारीख टाळली, तर त्याची भरपाई कशानेही होत नाही. म्हणून एकेका विधानाचे उत्तर देतो.

स्टेजला, म्हणजे रोग किती पसरला आहे याला, महत्त्व आहे, आणि ते मोठे आहे. अमेरिकेतील नोंदींनुसार रोग आतड्याच्या भिंतीपुरता असताना उपचार झालेल्या शंभरांपैकी सुमारे नव्वद जण पाच वर्षांनंतर हयात असतात. रोग यकृतासारख्या दूरच्या अवयवात पोहोचल्यावर हे प्रमाण पंधराच्या आसपास येते. पण स्टेज आकाशातून पडत नाही. शौचातून रक्त जाऊ लागले की आपल्याकडे ते मूळव्याधीचेच समजले जाते, मलम आणि चूर्ण यांत महिने जातात, आणि घरातल्या बाईला तर हा त्रास कोणाला सांगावा हाच प्रश्न पडलेला असतो. कोलोनोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीने मोठे आतडे तपासण्याचा, विषय निघेपर्यंत काहींचे आतडे पूर्ण बंद होते, पोट फुगते, आणि मग जे ऑपरेशन तयारीने, रक्त भरून, सकाळी व्हायचे ते रात्री तातडीने करावे लागते. अशा तातडीच्या ऑपरेशननंतर मृत्यूचे प्रमाण नियोजित ऑपरेशनच्या कित्येक पट असते. म्हणजे ज्याला संदेश ‘ठरलेले’ म्हणतो, त्यातला मोठा भाग ऑपरेशनच्या आधीच्या सहा महिन्यांत, घरात आणि बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत ठरलेला असतो.

रुग्णालयाने फरक पडत नाही, हे विधान मला सर्वांत घातक वाटते, त्यामुळे त्यावर अधिक लिहितो. ग्लासगोच्या एका रुग्णालयातील १३ सर्जनांनी केलेल्या आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. रोग पूर्ण काढला असे मानले गेलेल्या रुग्णांपैकी दहा वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण एका सर्जनकडे २० टक्के, तर दुसऱ्याकडे ६३ टक्के इतके वेगळे होते. प्रत्येक सर्जनचे रुग्ण अगदी सारखे नव्हते, हे मान्य करूनही एवढी दरी स्टेजने भरून निघत नाही. गुदाशयाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या, कर्करोगात तर पद्धतीचाच प्रश्न येतो. गुदाशयाभोवतीचे चरबीचे आवरण न फाडता गाठीसह अखंड काढण्याची रीत इंग्लंडमधील सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ साली मांडली. ती जेथे नीट शिकून रुजली, तेथे त्याच जागी रोग परत येण्याचे प्रमाण ठळकपणे घटले. काढलेल्या भागातील लसिका-गाठी (आतड्यालगतच्या छोट्या ग्रंथी, ज्यांत रोग पसरू शकतो) पॅथॉलॉजी विभागात तपासल्या जातात. त्या किमान बारा तरी असाव्यात असा दंडक आहे. त्यापेक्षा कमी तपासल्या तर स्टेजच चुकीची लिहिली जाऊ शकते. ज्या स्टेजवर हा संदेश सगळा भार टाकतो, ती अचूक सांगणे हेसुद्धा रुग्णालयाच्या गुणवत्तेवर अवलंबून आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट ऑपरेशननंतरच्या आठवड्यात घडते. आतड्याची दोन टोके जोडलेली असतात आणि तो जोड काही रुग्णांत गळतो. चांगल्यातल्या चांगल्या सर्जनकडेही हे होते. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर नाडी वाढते, पोट ताणते, लघवी कमी होते, ताप येतो. रात्री दोन वाजता ते नर्सच्या लक्षात आले का, निवासी डॉक्टरने वरिष्ठांना उठवले का, सीटी स्कॅन त्याच वेळी झाला का, आयसीयूत खाट आणि रक्तपेढीत रक्त होते का, यावर तो माणूस वाचतो की नाही हे ठरते. २०१८-१९ मध्ये ८२ देशांतील ४२८ रुग्णालयांमधील सुमारे सोळा हजार कर्करोग-शस्त्रक्रियांची पाहणी झाली. तिच्यात निम्न आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांमध्ये, म्हणजे भारताच्या गटात, आतड्याच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर ३० दिवसांच्या आत मृत्यूची शक्यता श्रीमंत देशांच्या सुमारे साडेचार पट निघाली. रुग्ण उशिरा आले, एवढ्याने हा फरक उलगडत नाही, असा त्या अभ्यासकांचा निष्कर्ष होता. गुंतागुंत झालेल्या रुग्णाला वाचवण्याची क्षमता कमी पडते, हे त्यांनी एक महत्त्वाचे कारण सांगितले.

याचा अर्थ उंच इमारत आणि संगमरवरी स्वागतकक्ष पाहून रुग्णालय निवडावे, असा नाही. विचारायचे ते हे : अशी ऑपरेशने येथे किती वारंवार होतात, ऑपरेशनआधी सर्जन, कर्करोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून निर्णय घेतात का, आणि रात्री गरज पडली तर पुन्हा ऑपरेशन करणारा माणूस व आयसीयू त्याच आवारात आहे का. हे विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि चांगल्या सर्जनला त्याचा राग येत नाही.

केमोबद्दल थोडक्यात सांगतो. लसिका-गाठींत रोग गेलेला असेल तर ऑपरेशननंतरच्या केमोमुळे रोग परतण्याचा आणि मृत्यूचा धोका घटतो, हे अनेक चाचण्यांत सिद्ध झाले आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात केमो सुरू होण्यास दर चार आठवड्यांच्या उशिराबरोबर मृत्यूचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी वाढलेला दिसला. यात केवळ धंदा असता, तर काही रुग्णांना सहाऐवजी तीन महिन्यांचे केमो पुरते, हे संशोधकांनीच शोधून काढले नसते.

उशीर का होतो, हा प्रश्न मात्र संदेश लिहिणाऱ्याला सुचलेला नाही. राजगड (पूर्वीचा वेल्हे) किंवा भोर तालुक्यातून दर तीन आठवड्यांनी पुण्यात यायचे म्हणजे रुग्णाबरोबर सोबत येणाऱ्याचीही मजुरी बुडते. अमेरिकेत सात लाखांहून अधिक कर्करुग्णांच्या २०१३ च्या अभ्यासात विवाहितांचे निदान लवकर झालेले, योग्य उपचार अधिक जणांना मिळालेले आणि मृत्यूचे प्रमाण कमी असलेले आढळले. मला यात लग्नापेक्षा सोबत अधिक दिसते. ऑपरेशननंतर शौचासाठी पोटाला पिशवी लावलेला माणूस एका खोलीच्या घरात, सार्वजनिक संडास वापरत राहतो, तेव्हा ती बदलायला आणि त्याला जेवू घालायला कोण आहे, यावर त्याची ताकद भरून येणे आणि केमो वेळेवर सुरू होणे अवलंबून असते. अशा रुग्णाला रुग्णालयातून सोडताना हे न विचारणे ही मला उपचारातलीच चूक वाटते.

आता पैशाचे. गरिबाने कर्ज काढू नये, हे मलाही मान्य आहे; त्यातून सुचवलेले ‘म्हणून ऑपरेशन करू नये’ हे मान्य नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमो दोन्ही येतात. धर्मादाय रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात, आणि पुण्यात अशी रुग्णालये बरीच आहेत. महापालिकेची शहरी गरीब योजना आणि ससून सर्वोपचार रुग्णालय हे मार्गही आहेत. अडचण एकच : बहुतेक नातेवाईक आमच्या टेबलापाशी बिल हातात पडल्यावर येत. योजनेतील नियोजित ऑपरेशनला आधी मंजुरी लागते, म्हणून बायोप्सीचा अहवाल आला की रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन आरोग्यमित्राला (रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या माणसाला) किंवा समाजसेवा अधीक्षकाला त्याच आठवड्यात, भरती होण्यापूर्वी भेटावे.