पूरग्रस्तांचा हिशेब राजांकडे का मागता?

पावसाळ्यात नवी मुंबईत, कोपरखैरणे-घणसोलीतल्या आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. इथल्या कितीतरी माथाडी कुटुंबांची गावं सातारा-सांगली-कोल्हापूरकडची, त्यामुळे पुराच्या दिवसांत तो झपाट्याने पसरतो. मेसेज सांगतो की पूरग्रस्तांना सरकार नाही, राजेच वाचवू शकतात. ब्रिटनच्या राजाने क्राउन इस्टेटमधला, म्हणजे राजगादीच्या नावावरच्या जमिनी-इमारतींमधला, थोडा हिस्सा दिला तरी पुष्कळ होईल, जपानचा सम्राट नुसता भेटून येतो, आणि शाहू महाराजांनी दुष्काळात प्रजा जगवली तर आजच्या राजघराण्यांना काय झालं? पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे. मुद्दे मात्र टिकत नाहीत.

क्राउन इस्टेट राजाची खासगी मालमत्ता नाही. तिसऱ्या जॉर्जने १७६० मध्ये तिचं उत्पन्न सोडून दिलं. आजही नफा सरकारी खजिन्यात जातो. राजा ती विकू शकत नाही, मग वाटणार कुठून? डची ऑफ लँकेस्टर या जहागिरीचं उत्पन्न मात्र त्याला खासगीत मिळतं. त्यातून जास्त द्या, असं ब्रिटिश जनता म्हणत असेल तर ते रास्तच आहे.

जपानच्या राज्यघटनेनुसार राजघराण्याची मालमत्ता देशाची आहे, आणि ठरलेल्या मर्यादेबाहेर दान द्यायचं तर संसदेची परवानगी लागते. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर सम्राट अकिहितो आणि सम्राज्ञी मिचिको निवारा केंद्रांत जाऊन जमिनीवर गुडघे टेकून लोकांशी बोलले. नासूच्या राजवाड्यातली कर्मचाऱ्यांची स्नानगृहं विस्थापितांसाठी उघडली गेली. घरदार वाहून गेलेल्या माणसाला गरम पाण्याने अंघोळ मिळते, याला ‘नुसतं भेटणं’ कसं म्हणायचं?

आता शाहू महाराज. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी स्वस्त धान्याची दुकानं काढली, हे खरंच आहे. पण तेव्हा कोल्हापुरात सरकार म्हणजे तेच होते. शेतसारा त्यांच्या खजिन्यात जमा व्हायचा, म्हणून संकटात प्रजेला सांभाळणं हे त्यांचं कामच होतं, आणि ते त्यांनी मनापासून केलं. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं, तेव्हा सारा गोळा करायच्या हक्काबरोबर ही जबाबदारीही सरकारकडे गेली. १९७१ च्या घटनादुरुस्तीने माजी संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखेही संपले. महाराजांनी सुरू केलेलं राधानगरी धरण पूर्ण झालं विलीनीकरणानंतर, आणि आज ते जलसंपदा खातं चालवतं. ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ ही बातमी आली की इथल्या बायका गावाकडे फोन लावतात. त्या पाण्याचा जाब कोणत्या राजवाड्याला विचारणार?

राजघराण्यातल्या कुणी स्वतःहून मदत केली तर तिचं स्वागतच. पण ती त्यांची मर्जी. मदत मिळणं हा आपला हक्क आहे, आणि त्यासाठी २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. महाराष्ट्राच्या आपत्ती प्रतिसाद निधीत ७५ टक्के केंद्राचे आणि २५ टक्के राज्याचे, म्हणजे सगळे आपल्याच करातले. तरीही २०१९ च्या महापुरात मोफत धान्यासाठी घर दोन दिवस पाण्याखाली असायची अट होती. एका रात्रीच्या पाण्यानेही कणगीतलं धान्य कुजतं. राग यायचा तर अशा अटींचा यावा.

म्हणून यंदा तो मेसेज पुढे ढकलण्याआधी गावी फोन करून विचारा: तलाठी आला का? पंचनाम्यात भांडीकुंडी, जनावरं, भाडेकरूचं सामान नोंदवलं का? नसेल तर तहसीलदाराकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.